दयाबाईची साक्ष

दयाबाई साक्ष द्यायला उठली की चर्चचे पॉल पाळक घड्याळाकडं बघत. मंडळीला त्याची सवय झाली होती. रविवारची उपासना संपत आली, दान गोळा झालं, की पाळक विचारायचे, आणखी कुणाला साक्ष द्यायची आहे का? मग बायकांच्या बाजूला, खांबाजवळच्या सतरंजीवरून दयाबाई पदर सावरत उठायची. पुरुषांकडं कुणीतरी मांडी बदलायचं. लेकुरवाळ्या बाया पोरांच्या हातात बिस्किटं द्यायच्या, कारण आता लवकर सुटका नाही हे सगळ्यांना कळायचं.

साक्ष म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते चारचौघांत उभं राहून सांगायचं. बाकीच्या बाया ते दोन वाक्यांत उरकत. ताप आला, प्रार्थना केली, ताप गेला, आमेन. दयाबाईला हे पटायचं नाही. तिच्या आईनं तिला शिकवलं होतं, उपकार सांगायचा तर आधी संकट सांगावं लागतं, आणि संकट सांगायचं तर अर्धंमुर्धं सांगू नये. कोण धावून आलं, कोण आलं नाही, कुणी दार उघडलं, कुणी आतून कडी लावली, सगळं नावानिशी. एकदा तिनं हरवलेली शेळी सापडल्याची साक्ष दिली. ज्याच्या गोठ्यात ती शेळी बांधलेली सापडली होती तो माणूस पुढच्याच रांगेत बसला होता. त्या दिवशी पाळकांनी तिला बाजूला घेऊन सुचवलं, बाई, जरा थोडक्यात सांगत चला. देवाला सगळं ठाऊक असतंच.

"देवाला हाय," दयाबाई म्हणाली. "ह्या लोकान्ला न्हाई."

अशा बाईच्या नवऱ्याच्या किडन्या गेल्या.

मोझेस अमोलिक गवंडी. नगर-नेवासा रस्त्यावर वडाळ्याच्या अलीकडं त्यांची वाडी; तिथल्या निम्म्या भिंती त्याच्या हातच्या. माणूस ओळंब्यासारखा, सरळ आणि मुका. बोलायचं काम बायकोचं, भिंती उभ्या करायचं याचं, आणि दोघांचं बरं चाललं होतं. मग पायांवर सूज आली, तोंडाची चव गेली, चार विटा उचलल्या की दम लागायला लागला. नगरच्या डॉक्टरांनी रिपोर्ट बघून सांगितलं की आता आठवड्यातून दोनदा मशीनवर रक्त धुवून घ्यायचं. जन्मभर. मोझेसनं एवढंच विचारलं, "म्हंजी किती?" डॉक्टर म्हणाले, येत राहिलात तर पुष्कळ, यायचे थांबलात तर थोडंच.

पिवळं रेशनकार्ड होतं म्हणून महात्मा फुले योजनेत नाव बसलं. नाहीतर एवढा खर्च त्यांच्या सात पिढ्यांना झेपला नसता. दयाबाई दुसऱ्यांच्या वखारीत कांदा निवडायची. मोझेसची थापी आता दाराआड लटकली होती. योजनेतून त्यांना बायपासच्या अंगाचा एक दवाखाना मिळाला. त्याला मोठं संस्कृत नाव होतं, पण सगळीकडून निळ्या काचा लावलेल्या, म्हणून पेशंट त्याला निळा दवाखानाच म्हणत. आठवड्यातून दोनदा नवराबायको नेवाशाची गाडी धरून नगरला यायची. गाडीच्या पाटीवर आता अहिल्यानगर आलं होतं. कंडक्टर मात्र अजून 'चला नगर, नगर' असंच ओरडायचा.

दवाखान्यात शिरल्या शिरल्या हिरवा बोर्ड होता: योजनेच्या रुग्णांवर सर्व उपचार मोफत. बोर्डाखाली टेबल, टेबलामागं ज्योती. ही योजनेची आरोग्यमित्र. कार्ड बघायचं, अंगठा घ्यायचा, फोटो काढायचा, अडल्यानडल्याला वाट दाखवायची, हे तिचं काम. पोरगी हसतमुख होती, मोझेसला काका म्हणायची. पण मशीनच्या खोलीबाहेर बाकड्यावर बसलेल्यांच्या हातात दवाखान्याचे मॅनेजर शामकांत साहेब चिठ्ठी द्यायला आले की ज्योतीला नेमकं कॉम्प्युटरमध्ये काहीतरी दिसायचं, आणि ती मान वर करायची नाही.

चिठ्ठीवर रक्त गाळायचा फिल्टर असायचा, नळ्या असायच्या, सुया असायच्या. हे सगळं खालच्या मेडिकलमधून आपल्या पैशानं आणायचं. पहिल्या वेळी दयाबाईनं सरळ विचारलं होतं, साहेब, फुकट हाय ना? शामकांत साहेब फार मऊ बोलत. त्यांच्या तोंडी सगळ्यात 'आपण' असायचं. मावशी, मशीन फुकटच आहे, फिल्टर तेवढा आपला. आपल्याला नसेल जमत तर आपण दुसरीकडं नाव लावू, तिथं नंबर लागेल तेव्हा लागेल. असं म्हणून त्यांनी मोझेसच्या खांद्यावर हात ठेवला होता. त्या हाताकडं बघत दयाबाई चिठ्ठी घेऊन खाली गेली.

त्या बाकड्याचा एक अलिखित कायदा होता. गाव कोणतं, पाणी किती पितो, पाय सुजतात का, असलं सगळं एकमेकांना विचारायचं. चिठ्ठीबद्दल मात्र अवाक्षर काढायचं नाही. चिठ्ठी आली की जो तो लघवीला जाऊन आल्यासारखा गुपचूप खाली जायचा आणि पिशवी घेऊन वर यायचा. कुणी बोललं आणि त्याच्या माणसाचं मशीन गेलं तर? मशीनं मोजकी, दारात वाट बघणारी माणसं पुष्कळ. दयाबाईच्या दावणीच्या शेळ्या एकेक करून त्या मेडिकलच्या काउंटरवर गेल्या आणि ती बोलली नाही.

रविवारी तिनं मंडळीत साक्ष दिली ती अशी: मालक आजारी होते, योजनेत नाव लागलं, मशीन मिळालं, आमेन. आणि खाली बसली. पाळकांना घड्याळाकडं बघायलाही वेळ मिळाला नाही. उपासना सुटल्यावर ते काळजीनं तिच्याजवळ आले आणि तब्येत बरी आहे ना म्हणून विचारायला लागले. ती म्हणाली, बरी हाय. पण घरी जाताना तिला वाटत राहिलं, की आज आपण देवाच्या घरात उभं राहून चिंधी दाखवली आणि लुगडं लपवलं.

बाकड्यावर तिची एक सोबतीण होती, पाथर्डीकडची बायडाबाई. तिचा लेक बजरंग, ट्रॅक्टरवरचा जवान पोरगा, मोझेसच्या शेजारच्या मशीनवर असायचा. बायडाबाईच्या जिभेला हाड नव्हतं. डॉक्टरांना ती 'आमचं वासरू' म्हणायची, कारण ते सारखे पळत असत. मोझेसला म्हणायची, दाजी, तुमी लगीन लागताना तरी हो म्हनले का, का तवा बी नुसती मान हलवली? मोझेस मान हलवायचा आणि बाकडं हसायचं. पण चिठ्ठी आली की बायडाबाईसुद्धा मुकी व्हायची.

एक दिवस शामकांत साहेबांनी दयाबाईला केबिनमध्ये बोलावलं, चहा मागवला. ती चहा बघूनच सावध झाली. साहेबांनी सांगितलं, येत्या शनिवारी दवाखान्यात लाभार्थी मेळावा आहे. योजनेच्या वरिष्ठ मॅडम मुंबईहून येणार आहेत. त्या खूष झाल्या तर आपल्याला योजनेच्या जास्त खाटा मिळतील, आणखी मशीनं येतील. तर एका लाभार्थ्यानं स्टेजवर चार शब्द बोलायचे आहेत. ज्योती म्हणाली की तुम्ही चर्चमध्ये फार छान बोलता.

"चर्चमधी मी भाषण न्हाई करीत साहेब. साक्ष देते."

"मग तीच द्या की. अगदी तशीच द्यायची इथं. आपला अनुभव, मनापासून. एक रुपया लागला नाही, मी समाधानी आहे, एवढं आलं की झालं."

दयाबाईनं कपाकडं बघत विचारलं, तशीच देऊ?

अगदी तशीच, साहेब म्हणाले. शिवाय पुढच्या महिन्यापासून मोझेसकाकांना सकाळची पहिली पाळी लावून देऊ, दुपारी उन्हं आहेत तोवर घरी. ही पाळी मिळावी म्हणून बाकड्यावरची माणसं देव पाण्यात घालून बसलेली असत. दारापर्यंत पोचवायला साहेब स्वतः आले आणि जाता जाता म्हणाले, मशीनची जागा मिळणं किती अवघड आहे ते आपल्याला माहीतच आहे.

परतीच्या गाडीत तिनं मोझेसला सगळं सांगितलं. तो खिडकीबाहेर बघत होता. इमामपूरचा घाट उतरून झाला तरी बघतच होता. मग म्हणाला, आभार मान अन् खाली बस.

ती म्हणाली, साक्षीत खोटं कसं बोलू?

"तू बोलशील गं," मोझेस म्हणाला. "पर सुया मला टोचत्यात."

त्याचं खरं होतं. अंग त्याचं, रक्त त्याचं, मशीन बंद झालं तर माती त्याची. तिनं ठरवलं की आभार मानायचे आणि खाली बसायचं. ठरवल्यावर दोन दिवस तिनं वखारीत इतका मुकाट कांदा निवडला की शेजारच्या बाईनं हिला झाली का काय बाधा म्हणून मालकिणीला सांगितलं.

मंगळवारी ती दोघं दवाखान्यात पोचली तेव्हा बायडाबाई शामकांत साहेबांसमोर उभी होती. बजरंगचं तोंड भाकरीसारखं फुगलं होतं. बायडाबाईकडं फिल्टर नव्हता. ती म्हणत होती, मागचाच धुवून एक डाव लावा, पुढच्या वेळी दोन आनते. साहेब मऊपणानंच सांगत होते, की तसं नियमात बसत नाही, आज घरी घेऊन जा, फिल्टर मिळाला की या. बायडाबाईनं एकदा बाकड्याकडं बघितलं. सगळ्यांनी आपापल्या पायांकडं बघितलं. दयाबाईच्या पिशवीत एकच फिल्टर होता, मोझेसचा. तिनं पिशवीचे बंद मुठीत आवळले. तिनंही पायांकडंच बघितलं.

माय-लेक जिना उतरून गेली. बायडाबाईच्या तोंडून एकही थट्टा निघाली नाही.

मोझेस मशीनवर आडवा झाला. नेहमी तो डोळे मिटून पडायचा. त्या दिवशी मात्र शेवटपर्यंत जागा होता. गाडीत बसल्यावर म्हणाला, "माझ्या शेजारचं मशीन मोकळं हुतं." थोड्या वेळानं पुन्हा म्हणाला, "दिवा लागलेला. समदं तयार. मानूस तेवढा न्हाई."

त्यानंतर शनिवारपर्यंत तो एक अक्षर बोलला नाही, पण त्यात काही नवल नव्हतं.

शुक्रवारी ज्योतीचा फोन आला. शनिवारी लवकर या म्हणाली, आणि मग आवाज खाली घेऊन तिनं सांगितलं की बजरंगला पहाटे जीपमध्ये घालून आणला, श्वास घेता येत नव्हता, वरच्या मजल्यावर आयसीयूत आहे. दयाबाईनं फोन ठेवला आणि नवऱ्याला सांगितलं. मोझेसनं ऐकलं आणि दाराआडची थापी काढून उगीचच पुसून परत अडकवली.

शनिवारी सकाळी तो आरशापुढं दाढी करत होता. दयाबाई इस्त्रीची साडी नेसून उभी होती. तो आरशातच बघून म्हणाला, "पहिल्यापासून सांग."

"अन् मशीनचं?"

"मशीन काय त्याच्या बापाचं हाय का? कार्डाचं हाय." त्यानं वस्तरा पाण्यात बुडवला. "मी भितोय, ते खरं हाय. भित भितच येतो. पर तू समदं सांग. मी बसतो समोर."

लग्नाला एवढी वर्षं झाली होती, पण इतकं लांबलचक तो कधी बोलला नव्हता. दयाबाईला एकदम रडू यायला लागलं. पण साडी इस्त्रीची होती, पदराला डाग पडले असते, म्हणून तिनं ते मागं लोटलं.

दवाखान्याच्या गाड्या लावायच्या जागेत मांडव घातला होता. मागं बॅनर, त्यावर हसणारं एक कुटुंब. दयाबाईनं ते कुटुंब नीट बघून घेतलं, यातला एकही माणूस बाकड्यावर कधी दिसला नव्हता. खुर्च्यांवर पेशंट, नातेवाईक, नर्सेस. स्टेजवर मुंबईच्या मॅडम, दवाखान्याचे मोठे डॉक्टर आणि शामकांत साहेब. मोझेस तिसऱ्या रांगेत बसला, नव्या सदऱ्याच्या बाहीतून त्याचा सुयांनी फुगलेला हात दिसत होता. बायडाबाई मागं मांडवाच्या खांबाला टेकून उभी होती. ती वरून, आयसीयूच्या दारातून, पाणी प्यायला म्हणून खाली आली होती आणि तशीच थांबली होती.

भाषणं झाली. मग ज्योतीनं दयाबाईचं नाव पुकारलं. साहेबांनी तिला माईकजवळ आणून उभं केलं, प्रेमानं माईक खाली वाकवला.

"माझं नाव दया मोझेस अमोलिक," ती म्हणाली. "मला साहेबांनी साक्ष द्यायला सांगितलंय. आमच्यात साक्ष पहिल्यापासून द्यायची रीत हाय, तवा थोडा येळ लागंल."

मॅडम हसल्या. साहेब हसले.

तिनं मोझेसला हात वर करायला लावला. हा हात बघा म्हणाली, ह्या हातानं गावची शाळा बांधली, समाजमंदिर बांधलं, दोन दुष्काळात विहिरी बांधल्या. मग सूज कशी आली, दम कसा लागला, डॉक्टर 'जन्मभर' कसं म्हणाले, ते सांगितलं. कार्ड कसं मिळालं ते सांगितलं. कार्ड नसतं तर तिसऱ्या रांगेतली ही खुर्ची आज मोकळी असती म्हणाली, आणि त्या कार्डाचे तिनं मनापासून आभार मानले. सुई हलक्या हातानं टोचणाऱ्या टेक्निशियन पोराचे मानले. पळत्या डॉक्टरांचे मानले. ज्योतीचे मानले, की ही पोरगी काका म्हणते. मांडवात टाळ्या पडल्या. शामकांत साहेबांनी खुर्चीत आरामात पाठ टेकली. साक्षीचा हा भाग सगळ्यांना आवडतो, हे दयाबाईला अनुभवानं ठाऊक होतं.

"आता शेळ्यांचं सांगते," ती म्हणाली.

साहेबांची पाठ खुर्चीपासून सुटली.

"दारात बोर्ड हाय, समदं फुकट. बोर्डाच्या खालीच मेडिकल हाय. फिल्टर आना, नळ्या आना म्हनून साहेब हातात चिठ्ठी देत्यात अन् आमी खाली जातो. माझ्या तीन शेळ्या त्या मेडिकलात गेल्या. त्यान्ला नावं हुती. काळी, चांदनी अन् रूथ. रूथ गाभन हुती."

कुणीतरी हसलं, आणि हसताना मध्येच थांबलं. साहेब उठून स्पीकरवाल्याकडं बघत हात हलवत होते. माईक गेला. दयाबाईनं माईकवर दोनदा टिचकी मारली आणि तो बाजूला सरकवला. त्यांच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, माईक गेल्याच नाताळात आला होता. त्याआधीची सगळी वर्षं तिची साक्ष वाडीच्या पारापर्यंत ऐकू जायची.

ती पुढं बोलत राहिली, आता जरा मोकळ्यानं. तिनं मंगळवार सांगितला. बजरंगचं तोंड कसं झालं होतं ते, साहेब काय म्हणाले ते, मशीन दिवा लावून कसं मोकळं उभं राहिलं ते. "तवा आमी समदे आपल्या पायाकडं बघत हुतो," ती म्हणाली. "मी बी. माझ्या पिशवीत फिल्टर हुता. मी पिशवी घट्ट धरली. एकाचं मानूस दुसऱ्याच्या हातून मरावं अशी चिठ्ठी हाय ती. पोरगं आज वर आयसीयूत हाय. जित्तं हाय, देवाची दया. आमेन."

आमेन म्हणून माणसं थांबतात. पण तिच्या मंडळीत साक्ष संपली की एक प्रश्न विचारायचा असतो, आणि इथं विचारायला पाळक नव्हते. तेव्हा तो तिनंच विचारला.

"आनखी कुनाला साक्ष द्यायची हाय का?"

शामकांत साहेब स्टेजच्या कडेला येऊन, मावशी थकल्या आहेत, त्यांना खाली घ्या, असं नर्सला सांगत होते. नर्स जागची हलली नाही. मोझेस तिसऱ्या रांगेत ताठ बसून होता. त्याचे ओठ पांढरे पडले होते, पण हात अजून वरच होता. खाली घ्यायला त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

"मला द्यायची हाय," मागून बायडाबाई म्हणाली. "मला तुमच्यावानी येत न्हाई बया, पर मी सांगते. ती बोलली ते माझ्या लेकाचं हाय. खरं हाय."

मग राहुरीकडचा एक म्हातारा उठला, त्यानं काठी उचलून, माझीबी चिठ्ठी हाय, एवढंच सांगितलं आणि बसला. मग आणखी एक बाई. मग कोण कुणाच्या आधी बोलतोय ते कळेना. मॅडमनी पाण्याचा ग्लास खाली ठेवला. त्या दयाबाईला म्हणाल्या, तुमचं म्हणणं गंभीर आहे, पण आम्हाला लेखी तक्रार लागते.

"मग घ्या की लिवून. मी सावकाश सांगते."

लिहिणार कोण, म्हणून मॅडमनी आजूबाजूला बघितलं. ज्योती मांडवाच्या कडेला उभी होती. तिनं शामकांत साहेबांकडं बघितलं नाही. टेबलामागची स्वतःची खुर्ची तिनं उचलून आणली, दयाबाईसमोर ठेवली, दयाबाईला तीत बसवलं आणि स्वतः खाली पायरीवर कागद घेऊन बसली. लिहिता लिहिता ती एकदाच थांबली आणि मावशी, माझं पण लिहू का, म्हणून तिनं विचारलं. मी मान वर करून बघत नव्हते ते, ती म्हणाली.

"लिव," दयाबाई म्हणाली. "म्या माझं सांगितलं न्हवं का."

पुढं जे झालं ते सगळंच गोड नाही. दवाखान्याला नोटीस गेली. चिठ्ठ्या बंद झाल्या. बजरंग आयसीयूतून उठून पुन्हा शेजारच्या मशीनवर आला, आणि बायडाबाईची जीभही परत आली. पण मोझेसला सकाळची पाळी मिळाली नाही. उलट दुपारचीही गेली आणि सगळ्यात शेवटची आली; मांडवात उठून बोललेल्या बाकीच्यांनाही तीच. तांत्रिक कारण, असं शामकांत साहेब म्हणाले. त्यांचं बोलणं मऊच होतं, फक्त त्यातलं 'आपण' गेलं होतं. शेवटची पाळी सुटेपर्यंत नेवाशाची गाडी निघून जायची. मग नवराबायको बायपासला उभी राहून घोडेगावकडं रिकामा परतणारा कांद्याचा टेम्पो धरायची. कांद्याच्या सालपटांत बसून घरी जाताना मोझेस एकदा म्हणाला, हवा चांगली लागती. दयाबाईनं ते खरं मानलं नाही, पण ऐकून घेतलं.

आणि काही दिवसांनी चिठ्ठ्या परत आल्या. जुन्या माणसांच्या हातात नाही, नव्यांच्या.

त्या दिवशी उन्हं कलली होती, मोझेस नुकताच आत गेला होता, आणि दयाबाई बाकड्यावर डबा उघडून बसली होती. जामखेडकडचा एक माणूस जिन्याशी घुटमळत होता. मच्छिंद्र नाव. त्याच्या बायकोची ही पहिलीच खेप होती, ती भिंतीला टेकून डोळे मिटून उभी होती. त्याच्या हातात कागदाचा कपटा होता. त्यानं दयाबाईला विचारलं, मावशे, मेडिकल कुठं हाय?

बाकड्यावर बायडाबाई बसली होती, राहुरीचा म्हातारा बसला होता. या वेळी कुणी पायांकडं बघितलं नाही. सगळ्यांनी दयाबाईकडं बघितलं.

दयाबाईनं डब्याचं झाकण लावलं. मच्छिंद्रला म्हणाली, बस भाऊ, बायकोला पन बसव, जागा करा रे. पदर सावरला आणि उठून उभी राहिली. केबिनच्या काचेआड शामकांत साहेबांनी मान वर केली.

"माझं नाव दया मोझेस अमोलिक," ती म्हणाली, आणि आवाज जिन्यावरून खाली मेडिकलपर्यंत गेला.

साहेब केबिनमधून जवळजवळ धावतच बाहेर आले. अहो, चुकून दिली गेली ती, असं म्हणत त्यांनी मच्छिंद्रच्या हातातून चिठ्ठी काढून घेतली, खिशात घातली, आणि त्याच्या बायकोला आत घ्यायला सांगितलं. झालं, आता बसा, असं ते दयाबाईला म्हणाले.

"बसते," दयाबाई म्हणाली. "साक्ष झाली की."

आत मशीनवर मोझेसच्या हाताला सुई लागली होती. दाराच्या फटीतून बायकोचा आवाज येत होता. ती अजून सूज येण्याच्या आधीच्या, शाळेच्या भिंतींवरच होती. टेक्निशियन पोरानं विचारलं, काका, बाहेर काय चाललंय? मोझेसनं भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं, उशी सारखी केली आणि डोळे मिटले.

"पहिल्यापासून सांगनार ती," तो म्हणाला. "येळ लागंल."